कंबरेचा पट्टा

माझ्या बायकोची कंबर कधीच दुखत नव्हती. हे आधी लिहून टाकतो, कारण सिडकोतल्या आमच्या गल्लीत, माझ्या कंपनीत आणि देवळ्याला बहिणीकडे आजही सगळे उलटंच धरून चालतात. आणि ते पसरवणारा दुसरा कोणी नाही, मीच.

तिचं मन आजारी होतं. दोन वर्षं गोळ्या बदलून झाल्या. जिच्याकडे ब्लाउज शिवायला बायका ताटकळत बसायच्या, ती शिलाई मशीनवर चादर टाकून भिंतीकडे तोंड करून पडायची. दूध उतू गेलं तरी उठायची नाही. शेवटी गंगापूर रोडच्या डॉक्टरबाईंनी केटामाइन सुचवलं. भुलीचंच औषध, पण थोडक्या मात्रेत, सलाइनमधून. भूलतज्ज्ञ शेजारी बसणार, बीपीवर लक्ष ठेवणार. आधी लागोपाठ सहा वेळा आणि गुण आला तर पुढे महिन्यातून एकदा. मध्ये खंड पाडू नका, यांना एकटं सोडू नका, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

पैसे दर वेळी आधी भरायचे. मी कंपनीत मेडिक्लेमचा फॉर्म घेऊन गेलो. तिथल्या माणसाने तो उलटसुलट केला, हा उपचार यादीत नाही म्हणाला, आणि रात्रभर अ‍ॅडमिट नसाल तर विसराच. मग त्याने सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं विचारलं, वहिनींना झालंय काय? माझ्यामागे आमच्याच स्टोअरमधले दोघं उभे होते. मी म्हणालो, कंबर. एवढंच. तिथून ते सुरू झालं.

खोटं एकदा बोललं की त्याला दाणापाणी घालावंच लागतं. शेजारणी तेलाच्या बाटल्या घेऊन आल्या. एकाने घोटीकडचा हाड बसवणारा सुचवला, फुकटात काम होतं म्हणे. मी मेडिकलमधून कंबरेचा पट्टा आणला. दाराची बेल वाजली की आधी तो तिला बांधायचा आणि मग कडी काढायची. तीही निमूट हात वर करायची. आधीच्या दुखण्याने अर्धमेली झालेली बाई, वर हे सोंग. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि मारणारा मी.

पहिल्या सहा वेळांसाठी एफडी मोडली. चौथ्या सलाइननंतर रिक्षाने घरी आलो, तर ती स्वयंपाकघरात जाऊन पिशवीत डोकावली आणि म्हणाली, "ही वांगी कोणी आणली? नुसत्या बिया." दोन वर्षांत ती पहिल्यांदा माझ्यावर चिडली होती! मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. महिन्याभरात मशीनवरची चादर निघाली.

मग भाचीचं लग्न ठरलं. आमच्याकडे मामाचा आहेर म्हणजे गंमत नाही. तो मांडवात माइकवरून पुकारतात, कोणी काय दिलं ते अख्ख्या गावाला कळतं. मी बहिणीला फोन करून सांगितलं, यंदा हात आखडलाय, हिचा उपचार चालू आहे. ती म्हणाली, "दादा, कंबरच हाय ना? जीव थोडाच जातोय?"

जीवच जाऊ शकतो गं, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण मग पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, ते तिच्या सासरी पोचलं असतं, आणि वहिनीचं डोकं फिरलंय असा बभ्रा व्हायला कितीसा वेळ? मी बघतो म्हणालो आणि फोन ठेवला. पुढच्या दोन सलाइनसाठी ओव्हरटाइम करून बाजूला काढलेले पैसे होते. ते घेऊन सराफ बाजारात गेलो आणि सोन्याचे झुमके आणले. तिला सांगितलं, भूलतज्ज्ञ गावाला गेलेत. दुसऱ्या महिन्यात सांगितलं, त्यांच्याकडे फार गर्दी आहे, ते बोलावतील तेव्हा जाऊ. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. मी तेही आणलं, तिच्या औषधाच्या जिवावर.

लग्नात ती पट्टा बांधून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. बायका येऊन तिची कीव करत होत्या. माइकवरून पुकारा झाला, नवरीच्या मामांकडून सोन्याचे झुमके. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी फेटा सारखा करायला लागलो.

परत आल्यावर आठवड्याभरात मशीनवर पुन्हा चादर पडली. एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तर भिंतीकडे तोंड करूनच ती म्हणाली, "मला आता उठवत जाऊ नका." घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या गोळा करून मी स्कूटरच्या डिकीत कुलपात टाकल्या. शेजारणीला तिच्यापाशी बसवलं, कंपनीच्या पतपेढीत जाऊन कर्जाच्या अर्जावर सही केली. एक सही लागली. हे दोन महिन्यांपूर्वीही जमलं असतं, पण तेव्हा मला मांडवातला माइक ऐकू येत होता.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी फाइल उघडली आणि तारखा पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दोन वेळा चुकल्या, आमच्याकडून फोनही केला होता, का आला नाहीत, असं त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं. आता हिला सगळं कळणार होतं. खरं सांगायची ती वेळ होती, आणि मी टेबलावरच्या काचेकडे बघत बसलो.

तेव्हा ती बोलली. किती दिवसांनी आवाज चढवून, नीट, एकेक शब्द.

"माझी कंबर दुखत होती, डॉक्टर. मीच नको म्हणाले यांना."

डॉक्टरबाईंनी कधीपासून, कुठे, असं विचारून ते लिहून घेतलं. तिने न अडखळता सगळं सांगितलं. इतके महिने मीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. मग बांगड्या मागे सारून तिने सुईसाठी हात पुढे केला.

आता ती बरी आहे, शिवते, वांग्यांवरून बोलते. झुमक्यांविषयी तिने आजवर एका शब्दाने विचारलेलं नाही. दर महिन्याला डॉक्टरबाई तीच फाइल उघडतात आणि आधी कंबरेची चौकशी करतात. ती म्हणते, आता बरी आहे. मी शेजारच्या खुर्चीत असतो, आणि अजून एकदाही तोंड उघडलेलं नाही.