निळ्या काठाचे कप

मी पुण्याला जायला निघालो त्या दिवशी आईने मला निळ्या काठाच्या कपातून चहा दिला. बशीसकट. पेडणे तालुक्यातल्या आमच्या घरात हे कप कपाटाच्या वरच्या फळीवर असायचे आणि फक्त पाहुण्यांसाठी खाली उतरायचे. बाबांनी ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणले होते. घरच्यांना स्टीलचे पेले, तेही हाताला लागतील ते. मी सोप्यावर बसून, पायावर पाय टाकून, तो चहा प्यायलो. बाबांनी माझी बॅग स्कूटरला बांधली. आई दारातून म्हणाली, "पोचलस की फोन कर. आणि बसच्या जनेलातसून हात भायर काढू नको." नोकरी लागली म्हणून मला घरात बढती मिळाली, असं वाटून मी छाती फुगवून म्हापशाच्या बसमध्ये चढलो. ती बढती नव्हती, हे कळायला केस पिकावे लागले.

त्यानंतर दर गणेश चवथीला, दर मे महिन्यात, तोच कप. मी उठायला लागलो की आई म्हणायची, "तू बस. लांबसून दमान इलस." मी बसायचो. पुण्यात मी भांडी घासतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून भांडतो, पण पेडण्यात आलो की माझे हातपाय आपोआप शोभेचे व्हायचे. तिथले शेजारी म्हणायचे, मुलगा आला की आईला उत्साह येतो. येतच असणार. ती सकाळपासून उभी असायची.

गेल्या वर्षी आई तुळशीपाशी पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, काही आठवडे वॉकर सोडायचा नाही, एकटीने उभं राहायचं नाही. पुन्हा पडल्या तर उठणं कठीण. आमचं घर चढणीवर. खाली रस्त्यापर्यंत तिला शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून उतरवलं होतं, आणि ती खुर्चीतूनच त्यांना वाट दाखवत होती. बाबा आता नाहीत. तिथे तिला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. माझं पुण्याचं घर अकराव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, सगळं आहे. आई म्हणाली, "माका पुण्याक न्हेव नको. थंय माका झगडूक सुदीक कोण नाय."

शेवटी तह झाला. डिचोलीत माझ्या मावसभावाचा तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता. तिथे एक महिना राहून बघायचं. घरी येऊन करणारी बाई मिळाली, सगळं नीट चाललं, तर आई डिचोलीत राहील. नाहीतर पुणे. आई "बरा" म्हणाली. तिच्या 'बरा'चा अर्थ 'बघू कोण जिंकतो' असा असतो.

माझी नोकरी कारखान्यांचं ऑडिट करण्याची. डोक्यावर हेल्मेट घालून लोकांच्या चुका काढायच्या आणि त्यांचाच चहा प्यायचा. तेव्हा मी डिचोलीचंही ऑडिट सुरू केलं. लॅपटॉप उघडून घरूनच काम, आणि मधल्या वेळात गावाची तपासणी. औषधवाला फोनवर गोळ्या घरी पाठवतो: उत्तम. रक्त घ्यायला माणूस घरी येतो: उत्तम. फिजिओथेरपिस्ट स्कूटरवरून येतो: उत्तम, फक्त तो आईला व्यायाम शिकवण्याआधी तिच्या माहेरचे आपले कोण लागतात ते शोधत बसतो. दुपारी एक ते चार गाव झोपतं. औषधवालाही झोपतो. म्हणजे काही व्हायचं असेल तर ते साडेबारापर्यंत व्हायला हवं, अशी सूचना मी आईला दिली. ती म्हणाली, "बरा."

आईचं ऑडिट वेगळं होतं. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी हॉर्न वाजवत दारापर्यंत येतो, त्याचे उंडे पाव गरम असतात: पास. मासे विकायला येते ती बाई हरमलच्या किनाऱ्यावरचे ताजे म्हणून सांगते पण माशांचे डोळे बघितले तर कालचे: नापास. समोरच्या खिडकीतली म्हातारी दिवसातून चारदा डोकावते: पास, वर शेरा, "चवकशी बरी करता."

अडलं ते बाईपाशी. घरी माणूस पुरवणाऱ्या संस्थेने पाठवलेली पहिली मुलगी चार दिवसांत गेली. संस्थेतल्या मॅडमचा फोन आला, "सर, आमची मुलगी विचारते, तुमच्याकडे पेशंट कोण आहे?" मी हसलो. मला वाटलं, मुलगीच नवखी असेल.

मग सुनीता आली. दोडामार्गकडची, तिशी ओलांडलेली, अंगाने दणकट, हसरी. मी निश्चिंत होऊन आतल्या खोलीत मीटिंगला बसलो. तासाभराने बांगडे तळल्याचा वास आला. बाहेर येऊन बघतो तर सुनीता हॉलमध्ये पाटावर बसलेली, पुढ्यात ताट, बाजूला आईने पेडण्याहून सोबत आणलेला निळ्या काठाचा कप. वॉकर भिंतीला टेकवलेला. आणि आई स्वयंपाकघरात ओट्याला धरून, एका पायावर बगळ्यासारखी उभी, बांगडा परतत होती.

"दादा, मी करू काय?" सुनीता रडकुंडीला आली होती. "उठलय की आजी म्हणतत, सोयऱ्यान चुलीकडे जावचा नसता."

"आई!"

"काय आई? परक्या गावसून मनीस आपल्या घराक इला. तेका सुक्या तोंडान धाडूचा?"

"ती तुझं करायला आलीय. तिला पगार आहे."

"पगार तू दी. जेवण मी दितंय."

मी आवाज चढवला. हे असंच चाललं तर तू परत पडणार, मग मला पुण्याला न्यावंच लागेल, असं म्हणालो. आई खुर्चीत जाऊन बसली. दुपारी जेवली नाही. त्या रात्री मी फोनवर बायकोला सांगितलं, पुण्यातल्या खोलीचा पलंग खिडकीकडे हलवून ठेव.

पुढचे दिवस तसेच. आई माझी पाठ वळली की उठायची. सुनीता तिला धरायला धावायची आणि दोघी एकमेकींना "तू बस", "आजी, तुमी बसा" म्हणत राहायच्या. महिना संपत आला. मी मीटिंगमध्ये कुणाला तरी सुरक्षेच्या त्रुटी समजावत असताना बाहेर खळ्ळकन आवाज आला. आई पडली, असं समजून मी हेडफोनसकट धावलो.

आई खुर्चीतच होती. पडला होता कप. पाहुणचाराचा चहा संपवून तो विसळायला नेताना सुनीताच्या हातातून निसटला होता. ती पांढरीफटक पडून उभी.

आणि आई कडाडली. "डोळे खंय ठेवलंस गो? कपाटात? तेंनी म्हापशाच्या बाजारातसून हाडलेले कप! इतकी वर्सां एकाक टवको नाय पडलो! आता बघत काय रवलंस? केरसुणी घे. आणि आदी पायात चपला घाल, काच लागात!"

सुनीताने चपला घातल्या, केर काढला. आई खुर्चीतून दाखवत होती, "थंय रवली. मेजाखाली बघ." मग त्याच आवाजात, "आता येळ घालव नको. भात लाव. मीठ कमी घाल, ह्येच्या बीपीक." हे म्हणजे मी. सुनीता स्वयंपाकघरात गेली. आई उठली नाही. पाहुणीवर ओरडता येत नाही; ओरडून झालं, म्हणजे ती घरची झाली. आता उठायचं कुणासाठी? मी दारात तसाच उभा राहिलो, आणि कानातल्या हेडफोनमधून कुणीतरी विचारत होतं, सर, तुमचा आवाज येत नाही.

त्या दिवसापासून आई वॉकर धरून चालू लागली. सुनीता पाठीमागून. दोघींचं दिवसभर वाजत असतं, माशांवरून, मालिकांवरून, आमटीत कोकम किती यावरून. समोरची म्हातारी आता चारऐवजी सातदा डोकावते. बायकोला कळवलं, पलंग होता तिथे ठेव.

माझ्यासारखे गाव सोडून गेलेले लोक हल्ली विचारतात, आईवडलांना ठेवायला डिचोली कशी? मी दवाखाना सांगतो, औषधवाला सांगतो, दुपारच्या झोपेचं सांगतो. शेवटी सांगतो, तुमच्या माणसाला हक्काने ओरडायला कुणी मिळतंय का, ते बघा. ते माझ्या तपासणीत नव्हतं.

परतायच्या दिवशी मोपाहून विमान होतं. बॅग दाराशी ठेवून मी सवयीने खुर्चीत बसलो, पायावर पाय टाकला, कपाची वाट बघत. आतून आईचा आवाज आला.

"बसलस कित्याक? सुनीता माका व्यायाम करून घेता. चाय तू कर. तिघांक."

मी उठलो. साखरेचा डबा शोधताना दोन डबे पाडले, त्यावरून बोलणी खाल्ली. हाताला लागले ते स्टीलचे तीन पेले घेतले, कुलेरीने साखर ढवळली. दोघींनी एकेक घोट घेतला आणि एकमेकींकडे बघितलं.

"पाणी," आई म्हणाली.

"उकळूक नाय," सुनीता म्हणाली.

बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मी माझा पेला शेवटपर्यंत प्यायलो, तिन्ही पेले विसळून पालथे घातले, आणि मग घरातून निघालो.