मळ्यातला बांबूचा क्रूस

सांगलीच्या मिशन कंपाउंडमध्ये आम्हा मुलांचं एक पथक होतं. खाकी अर्धी चड्डी, गळ्यात निळा स्कार्फ आणि दर शनिवारी चर्चमागच्या मैदानावर कवायत. हे पथक सुरू केलं एका गोऱ्या साहेबानं. सरकारनं त्याला इथं राहण्याची मुदत वाढवून दिली नाही, तेव्हा जाताना तो आपली शिट्टी, ठिगळं लावलेले तंबू आणि नियमांचं एक लांबलचक शेपूट माझ्या बाबांच्या हवाली करून गेला. बाबा मिशनच्या शाळेत भूगोल शिकवत. साहेबानं ते नियम केले असतील, पण मनावर घेतले ते बाबांनी.

प्रार्थनेशिवाय जेवायचं नाही. दोरी कधी कापायची नाही, गाठ सोडवायची. आणि तळ हलवायच्या दिवशी दोन बांबूंचा क्रूस बांधून, तो तिथं उभा करून, देवाचे आभार मानून निघायचं. साहेबाच्या मुलखात अशी रीत असेल. आपल्या मुलखात एखाद्याच्या शेतात तसा क्रूस सोडून गेलो, तर शेतवाल्याला काय वाटेल, हे ना साहेबाच्या डोक्यात आलं ना बाबांच्या.

पथकात ख्रिस्ती मुलं होती, तशी पलीकडच्या वस्तीतली बौद्ध मुलंही होती. त्यांच्यातल्या एकाचे वडील बाबांना स्पष्टच म्हणाले होते, "पोरगं यील मास्तर, पण त्याला डोळे मिटायला लावायचं न्हाई. आमी दीक्षा घेतलीया." बाबा म्हणाले, "उघड्या डोळ्यांनी उभा राहू दे. मला काही अडचण नाही." अडचण होती ती चर्चच्या कमिटीला. पण साहेबाची पुण्याई अजून संपली नव्हती, म्हणून कमिटीतली मंडळी नुसती नाकं मुरडत आणि गप्प बसत.

पासष्ट सालची लढाई नुकतीच थांबली होती. त्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा तळ कडेगावच्या अलीकडे, एका सुभेदारांच्या मळ्यात पडला. सुभेदार पेन्शनीवर आलेले, मिशा अजून हुकमात. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीपर्यंत जाऊन आले होते. त्यांचा एकुलता एक मुलगा बाबांच्या हाताखाली शिकलेला, आणि आता तोही पलटणीत. लढाई थांबली तरी त्याचं पत्र नव्हतं. सुभेदारीणबाई आम्हाला गरम भाकऱ्या करून घालत आणि आम्ही जेवत असताना चुलीपाशी बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहत. पोस्टमनची सायकल बांधावरून पुढे निघून गेली की उठून आत जात. आम्हाला तेव्हा भाकरीपलीकडे फारसं दिसत नव्हतं.

निघायच्या सकाळी विहिरीजवळच्या बांधावर मी क्रूस बांधला. काटकोनात काठ्या बांधण्यात माझा हात कुणी धरत नसे. बाबांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आणि मान हलवली. मी दिवसभर त्या मान हलवण्यावर खूश होतो.

सांगलीला येऊन जेमतेम दोन दिवस झाले, तर मळ्यातला गडी दारात. "मास्तर, सुभेदारांनी बलावलंया. हाय तसं चला." एवढंच बोलला आणि पाणीसुद्धा न पिता उभा राहिला. बाबांनी शिट्टी गळ्यात घातली, कशासाठी कोण जाणे, आणि मला म्हणाले, "गाठ तुझी आहे. तूही चल."

सुभेदार बांधावरच भेटले. रामराम नाही, काही नाही. क्रूसाकडे बोट करून म्हणाले, "मास्तर, ह्ये इटलीत आमच्या साहेब लोकांच्या डोक्याशी रोवलेलं बघितलंय मी. रांगाच्या रांगा व्हत्या. मढ्यावर लावत्यात ह्ये. माझ्या मळ्यात कुणाचं मढं पुरलंय तुमी?"

बाबांनी रीत समजावून सांगितली. देवाचे आभार, वगैरे. ते बोलत असतानाच त्यांना आपण काय करून बसलो ते उमगत गेलं असावं, कारण त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"मला कळतंय," सुभेदार म्हणाले. "पर तिला कसं कळंल? तिनं इचारलं, ह्ये काय हाय? आन् मी फौजी गडी, मढ्यावर लावत्यात म्हनून बोलून बसलो. परवापास्नं पोटात अन्नाचा कण न्हाई तिच्या."

"मग काढून का नाही टाकलात?"

"मी?" सुभेदार एकदम कडाडले. "शिपायाच्या डोक्यावरची खूण मी उपटू? माझा हात न्हाई व्हायचा. तुमी लावलीया, तुमीच काढा."

बाबा जागच्या जागी उभे. ज्या माणसानं आम्हाला क्रूसासमोर टोपी काढायला शिकवलं, त्यानं तो स्वतःच्या हातानं उतरवायचा होता. मला त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात सुभेदारीणबाई घरातून बाहेर आल्या. ओठ सुकलेले, पदर धड डोक्यावर नाही. बाबांच्या समोर येऊन त्या म्हणाल्या, "मास्तर, माझं पोरगं जित्तं हाय न्हवं? मग ह्ये कुणाचं?"

बाबांनी डोळे मिटले, उघडले आणि मला म्हणाले, "सोडव."

सुतळी दवानं भिजून आवळली होती. मी नखं लावली, काटा लावला, गाठ हलेना. सुभेदारांनी कोयता पुढे केला. बाबांनी तो हातानं बाजूला सारला. नियम म्हणजे नियम, असल्या वेळीसुद्धा! मला त्यांचा संताप आला होता. शेवटी त्यांनी वाकून गाठीला दात लावले. आडवा बांबू सुटून खाली आला, उभा उपटला आणि दोन्ही गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवले. आता ते नुसते बांबू होते. बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग आमच्यासाठी चहा टाकला. स्वतःही घोटभर घेतला.

ही गोष्ट आमच्या आधी कंपाउंडात पोचली. कमिटीला आयतंच कोलीत मिळालं. ज्यानं स्वतःच्या हातानं क्रूस उतरवला, त्याच्या ताब्यात मुलं कशी द्यायची?  बाबांनी बैठकीत शिट्टी टेबलावर ठेवली आणि ते घरी आले. महिन्याभरात त्यांची बदली साताऱ्याच्या शाळेत झाली. पथक पुढे थोडे दिवस रखडलं. बौद्ध मुलांना आधी कमी केलं, मग बाकीचीही येईनाशी झाली. त्या कमिटीतली माणसं आता हयात नाहीत, तरी त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

 साताऱ्यात शनिवारी संध्याकाळी बाबांचा हात आपोआप गळ्याशी जाई आणि रिकामा परत येई. रोजच्या प्रार्थनेत ते सुभेदारांच्या मुलाला सुखरूप मागत. एकदा अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर त्यांनी मला विचारलं, "त्याला वाईट वाटलं असेल का रे?" मला आधी वाटलं, ते सुभेदारांच्या मुलाबद्दल बोलताहेत. मग त्यांची नजर आभाळाकडे गेलेली बघून कळलं, ते देवाबद्दल विचारत होते. 

उन्हाळ्यात सुभेदार स्वतःच साताऱ्याला आले. मिशा खाली आल्या होत्या. मुलगा गेल्याचं सरकारनं कळवलं होतं. "काय आलं न्हाई मास्तर," ते म्हणाले. "राख न्हाई, कापडं न्हाईत. कुठं पडला त्ये बी धड म्हाईत न्हाई." बाबांनी त्यांचा हात धरला. मग सुभेदार म्हणाले, "तिनं तुमाला बलावलंय. पोराला बी आना म्हनली."

कऱ्हाडला गाडी बदलून आम्ही मळ्यात गेलो. बाई आम्हाला घरात न नेता थेट विहिरीकडे घेऊन गेल्या. बांधावर ते दोन बांबू ठेवलेले होते. पावसाळ्याआधी जळणाची एवढी ओढ असते, पण त्यांनी ते चुलीत घातले नव्हते.

"लावा," त्या म्हणाल्या.

बाबा गडबडले. "वहिनी, ही आमच्या धर्मातली खूण. गावात लोक काय म्हणतील?"

"मढ्यावर लावत्यात म्हनं ह्ये." त्यांनी सुभेदारांकडे पाहिलं. "ह्यास्नीच म्हाईत हाय. मग लावा की. माझ्या पोराचं कुठं कायबी न्हाई. हितं तरी आसू द्या."

सुभेदारांनी टोपी काढली. बाबांच्या गळ्यात शिट्टी नव्हती, स्कार्फ नव्हता. क्रूस पुन्हा उभा राहिल्याची ही बातमी कमिटीला कळती, तर दोन्ही परत मिळालं असतं. बाबांनी ती जन्मात कुणाला कळू दिली नाही. त्यांनी उभा बांबू रोवला, आडवा धरला आणि माझ्याकडे बघितलं.

मी सुतळी गुंडाळायला लागलो. हात सवयीनं चालत होते. पुढे सोडवायला सोपं जावं म्हणून शेवटचं टोक मी बाबांनी शिकवल्याप्रमाणे मोकळं ठेवलं. बाई माझ्याशेजारी खाली बसल्या आणि ते टोक बोटात धरून म्हणाल्या, "लेकरा, ह्या बारीला सुटंल आशी बांधू नगंस."