खिल्लारेभाऊंची पिवळी बाटली

तुमच्या गावच्या विहिरीत औषध टाकायला येणाऱ्या माणसाला तुम्ही कधी त्याच विहिरीचं पाणी दिलंत? घाईने 'हो' म्हणू नका. मीही म्हटलं असतं.

खिल्लारेभाऊ सरकारी आरोग्यसेवक. बाळापूरकडून सायकलवर येत. हँडलला ब्लीचिंग पावडरचा डबा, खिशात काचेची छोटी बाटली. कुठलंही पाणी आधी हुंगत. मग ते बाटलीत घेऊन वर औषधाचे दोन थेंब टाकत. पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे, पाणी पिण्याजोगं. कोरं राहिलं तर धोका. कुणी वाद घातला की म्हणत, "मानसाला काय इचारता? बाटलीला इचारा."

दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात गावात हगवण-उलटीची साथ आली. दोन माणसं गेली. मग माझ्या भावाची चार वर्षांची सुमी आडवी झाली. मी हिंगोलीच्या कॉलेजातून सुट्टीला आले होते, पिशवीत समतेची पत्रकं घेऊन.

खिल्लारेभाऊ रोज पावडर कालवून, वरचं निवळ पाणी पोहऱ्याने विहिरीत सोडत. तासाभराने बाटली पिवळी होई. दुसऱ्या सकाळी पाणी पुन्हा कोरं. त्यांनी दोरीने विहिरीचं पाणी मापलं, पावडर दुप्पट केली, नवा डबा आणला. तरी कोरंच.

"पावडर इकून खातो काय रे खिल्लाऱ्या?" पारावरून एकजण ओरडला. "अजून एक मढं निघालं तर तुझी सायकलच विहिरीत घालू."

"घाला. पर डबा तुमच्यासमोर फोडतो, दादा, आधी बघून घ्या."

त्या दिवशी पावडर टाकून झाल्यावर त्यांनी विहिरीच्या पाण्याने एक मोठी बाटली भरली आणि बूच लावून माझ्याकडे दिली. "सावलीत ठेव, पोरी." सकाळी तपासलं. बाटलीतलं पाणी पिवळं झालं, विहिरीतलं कोरं.

"तेच पानी, तीच पावडर," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "बाटलीतलं टिकलं, हिरीतलं गेलं. माझ्यामागं कोनीतरी कायतरी वतून राहिलंय. दिवेलागणीला इथं ध्यान ठेवशील?"

मी ध्यान ठेवलं. दिवेलागणीला माझी आईच आली. हातातल्या बादलीत शेणकाला आणि गोमूत्र. तिने हात जोडले आणि बादली विहिरीत उपडी केली.

"आई, हे काय करून राहिलीस?"

"पानी चोखं करून राहिले. त्येचा हात लागतो रोज. गल्लीतल्या बायांनी पाळ्या लावल्यात, आज आपली हाय."

पत्रकांतली सगळी वाक्यं मी तिच्यावर फेकली. ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या कागदानं सुमी उठंल का?"

सकाळी मी भाऊंना सांगितलं तेव्हा त्यांच्या जबड्याची शीर उडाली. मला वाटलं, आता ते डबा आपटून निघून जातील. त्यांनी माझ्याकडच्या त्याच मोठ्या बाटलीतलं पाणी दोन पेल्यांत ओतलं आणि अंगणाबाहेर उभं राहून हाक दिली, "माय, तुमचं गोमूत्र आना. शेणकालाबी. एका पेल्यात चमचाभर तुमच्याच हातानं टाका."

अर्ध्या तासाने दोन्ही पेल्यांत थेंब पडले. एक पिवळा झाला. आईने चमचा घातलेला गढूळ, बेरंग राहिला.

"पावडर रोगाला मारती. तुमचं हे पावडरीलाच खाऊन टाकतं. मंग रोग मोकळा," भाऊ म्हणाले. "माझा हात नको ना? नका लावू देऊ. पावडर तुमी कालवा, पोहरा तुमी सोडा. मी लांबून सांगतो. पर बादली बंद करा. लेकरू आत पडलंय."

मी भडकले. "भाऊ, तुम्ही माघार घेता?"

"हे भांडन मला ठावं हाय, पोरी, तुझ्या जल्माआधीपासून. उद्या भांडतो. आज लेकराला पानी पायजे."

आईने पोहरा सोडला, बायांच्या पाळ्याही थांबवल्या. दुसऱ्या सकाळीही विहिरीचं पाणी पिवळं झालं, आणि त्या आठवड्यात सुमी उठून बसली.

'उद्या भांडतो' म्हणाले होते; भाऊ शब्दाचे पक्के. सुमी अंगणात खेळू लागली त्या दिवशी ते आले आणि आईला म्हणाले, "माय, पानी चोखं झालं. आता मला एक तांब्या द्या."

आई तांब्या धरून उभी राहिली. मी पुढे झाले, पण भाऊंनी हात वर केला. "तुझ्या हातचं न्हाई. मायच्या हातचं." ऊन डोक्यावर होतं. आईची नजर शेजारच्या दारांकडे गेली, तिथे बाया उभ्या होत्या. तिने तांब्या खाली ठेवला आणि आत गेली.

भाऊ सायकलवर बसले. पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली. ते परत आले नाहीत. आमच्या विहिरीचा एक घोटही त्यांच्या पोटात गेला नाही.

तुमच्या गावीही असा माणूस येईल. त्याने पावडर टाकण्याआधी त्याला तांब्याभर पाणी द्या. ओंजळीत वरून ओतू नका. तांब्या हातात द्या, आणि शेजारच्या दारांकडे बघू नका.