गुरुवारी भरणारी मंडळी

चिंचवडच्या प्राथमिक शाळेत मी शिक्षिका होते, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीला स्वतःचं देऊळ नव्हतं. रविवारी सकाळी एका शाळेचा वर्ग मिळायचा. पहिलीच्या पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून आम्ही उपासनेला बसायचो.

आमचे आधीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, बोलायला फार गोड होते. त्यांचा उपदेश ऐकून बायका पदराने डोळे पुसत, पुरुष खाकरून घसा साफ करत. ते बदलून गेले आणि वर्ग हळूहळू रिकामा होत गेला. त्यात त्यांच्या जागी आले ते नवे पाळकसाहेब. ते आधी एका मिशनच्या दवाखान्यात भांडाराचं काम पाहायचे. पहिल्याच रविवारी त्यांनी इतका सपक उपदेश केला की माझ्या शेजारच्या म्हातारीला गाढ झोप लागली. गाणीही ते सूर सोडून गायचे. बाहेर पडताना मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी सगळ्यांत वडील, कारखान्यात फोरमन असलेले काका म्हणाले, "पाळक मागितला होता, मुकादम पाठवलाय!"

लोक हसले. मीही हसले. पण त्या आठवड्यात मला पाळकसाहेब एका कारखान्याच्या गेटसमोर दिसले. शिफ्ट सुटत होती, सायकलींचा लोंढा बाहेर पडत होता, आणि हे गृहस्थ आपली सायकल झाडाला टेकवून नुसते उभे. दुसऱ्या दिवशीही तिथेच. मंडळीत कुजबुज सुरू झाली की पाळकसाहेब कुणा भाच्याला नोकरीला चिकटवायच्या खटपटीत असतील. मला राहवेना. मी सरळ जाऊन विचारलं.

"सलाम, पाळकसाहेब. कुणाची वाट बघताय?"

"सलाम, बाई. आपल्यातलं कोण कधी सुटतं ते बघतोय," ते म्हणाले. "आणि कुणाला सुट्टी कधी असते तेही विचारतोय. तुम्हाला माहीत आहे, इथल्या कितीतरी कारखान्यांना रविवारी सुट्टीच नसते?"

मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. वीज पुरायची नाही, म्हणून भोसरी-पिंपरीकडच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असायची. बाजारसुद्धा त्या हिशेबाने चालायचा. पण रिकाम्या बाकांशी त्याचा संबंध आमच्यापैकी कुणी जोडला नव्हता. जे येत नाहीत त्यांचा विश्वास थंडावला, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मंडळीच्या पुढच्या बैठकीत त्यांनी विषय काढला. रविवारची उपासना आहे तशीच राहील, पण गुरुवारी संध्याकाळी काळेवाडीत आणखी एक व्हावी.

फोरमनकाका उसळलेच. "उपासना प्रभूच्या दिवशी होते, पाळकसाहेब. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी नाही. उद्या भोंगा वाजला की आमेन म्हणायचं का आम्ही?"

पाळकसाहेब रागावले नाहीत. "काका, तुमच्या खात्यात एखादा माणूस आला नाही तर तुम्ही काय करता?"

"चौकशी करतो."

"मग इथेही चौकशीच करतोय मी."

काकांना ते पटलं नव्हतं. गुरुवारी ते येणार नाहीत, असं त्यांनी सांगून टाकलं. आणि मग पाळकसाहेबांनी मला विचारलं, गुरुवारची व्यवस्था मी बघेन का? मी चकित झाले. बाईमाणसाने? ते म्हणाले, "वर्गात जे मूल आलेलं नसतं त्याची आठवण तुम्हाला राहते ना? तेवढंच हवं आहे."

म्हणून मी त्यांच्याबरोबर पवना ओलांडून काळेवाडीत गेले. तिथे एक घर होतं, ज्याच्याबद्दल मंडळीत पक्कं बोललं जायचं की त्यांनी प्रभूला सोडलं. पत्र्याचं घर, दारात तुळस नव्हे तर डब्यात लावलेला गवती चहा. घरातली बाई आम्हाला पाहून उंबऱ्यातच थबकली. मूळ मावळातली, नवरा कारखान्यात. आत खाटेवर तिची मुलगी बसली होती. पोलिओने पाय गेलेले, चांगली थोराड पोर.

"रविवारी यांची कामावर पाळी असती," ती म्हणाली. "हिला उचलून मी येकटी कुठवर नेऊ? आन् घरात कोंडून कसं येऊ? आमी मेलो का जगलो, कुणी इचारलं न्हाई, बाई."

पाळकसाहेबांनी प्रार्थना वगैरे सुरू केली नाही. त्यांनी विचारलं, शेजारी कोण राहतं, गुरुवारी घरी कोण असतं, मुलीला आत न्यायला सोपं, बिनउंबऱ्याचं घर कुणाचं आहे. मग म्हणाले, "उपासना तुमच्याच घरात ठेवली तर चालेल का?"

ती बाई रडायलाच लागली. मला आठवतं, गोड बोलणाऱ्या पाळकांच्या उपदेशात बायका रडत, त्याहून हे रडणं निराळं होतं. परतताना मी त्यांना म्हटलं, "तुम्ही तिथे प्रार्थना केली नाहीत."

ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. "कोणाला कुठे बसवायचं, कोणी कोणाला आणायचं, हे ठरवताना एकेक माणूस डोळ्यांपुढे आणावा लागतो, बाई. मला शब्दांची प्रार्थना नीट जमत नाही. माझी हीच होते."

मी शिक्षिका, मला हे वाक्य थोडं सोयीस्कर वाटलं. कारभार म्हणजे कारभार, भक्ती म्हणजे भक्ती. तरी कुतूहल चिकटून राहिलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. गुरुवारी ते शेवटी, दाराशी बसत. उपदेश इतरांना करायला लावत. एक तरुण फिटर चांगला गायचा, गाणी त्याच्याकडे. नव्याने गावाकडून आलेल्यांना खोली शोधून देण्याचं काम मराठवाड्यातून आलेल्या एका जोडप्याकडे. वीज गेली तर कंदील कोणी आणायचा हेसुद्धा ठरलेलं. थोड्याच दिवसांत ते पत्र्याचं घर पुरेना, अंगणात सतरंज्या आल्या.

मग ईस्टरआधीच्या उपवासकाळात पाळकसाहेबांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. त्यांना दूरच्या दवाखान्यात नेलं, आणि आम्हाला कळलं की उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेलासुद्धा ते परतू शकणार नाहीत. त्या दिवशी येशूने क्रुसावर उच्चारलेल्या सात वाक्यांवर उपदेश होतात. मंडळीच्या वर्षातला तो सगळ्यांत जड दिवस. फोरमनकाका माझ्या घरी आले. पुण्याहून कुणी चांगला वक्ता बोलवावा, असं त्यांचं म्हणणं.

"पाळकसाहेबांचा निरोप आलाय," मी म्हटलं. "सात वाक्यं सात जणांना वाटून द्या म्हणतात. एक तुम्हाला द्यायला सांगितलंय."

"मला?" काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मी कधी बोललोय का असा?"

तरी त्यांनी घेतलं. येशूने आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवलं, ते वाक्य त्यांच्या वाट्याला आलं होतं. त्या दुपारी वर्ग इतका भरला की लोक खिडक्यांशी उभे होते. गुरुवारचे लोकही आले होते, कुणी रजा टाकून, कुणी पाळी बदलून. काळेवाडीच्या बाईकडे ‘मला तहान लागली आहे’ हे वाक्य होतं. ती फार थोडं बोलली, तेही इतक्या हळू की मागच्यांना ऐकू गेलं नाही. तिची मुलगी पुढच्याच बाकावर बसली होती. फिटर आणि त्याच्या मित्राने तिला खुर्चीसकट आणलं होतं. काका उभे राहिले, आणि कागदावरची दोन-तीन वाक्यं वाचून त्यांनी तो खाली ठेवला. ते नुसतं म्हणाले, "मरतानाही त्याने व्यवस्था लावली. आईची सोय लावली." आणि खाली बसले.

ते वाक्य इतकी वर्षं माझ्या मनात घोळतं आहे. ते मला आधी का सुचलं नव्हतं, कळत नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी पाळकसाहेब परत आले, कपडे अंगावर लोंबत होते. मंडळी चालूच होती. मी त्यांना मुद्दाम विचारलं, "तुमच्यावाचून काही अडलं नाही. वाईट वाटलं का?"

"थोडं वाटलं," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "मग खूप झोप लागली."

पुढे त्यांची नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात बदली झाली. निरोपाच्या सभेत त्यांनी पुन्हा सपकच भाषण केलं; बराचसा भाग कोण काय सांभाळणार याचाच होता. ते गेल्यावर गुरुवारची उपासना कोणी बघायची, हा प्रश्न निघाला तेव्हा फोरमनकाकांनी हात वर केला. निवृत्तीनंतर कितीतरी वर्षं ते दर गुरुवारी दुपारी काळेवाडीत जाऊन अंगण झाडून घेत, आणि मग घरोघर विचारत फिरत, आज कोण येणार नाही, आणि का.