कोरियन सिनेमातला आमचा अनंता

सौदीतल्या राबिघच्या आमच्या कॅम्पात किस्से मळक्या कपड्यांसारखे साचतात. आठवडाभर कोणाला सवड नसते, सगळे शुक्रवारी उपसायचे. पण त्या शुक्रवारी कोरियन सिनेमावाले आले आणि आमची एकुलती एक सुट्टी खाऊन गेले. कंपनीच कोरियन, नाही कोण म्हणणार? मी साधा पाइप फिटर, मला झोप हवी होती!

गोष्ट अशी, की एक कोरियन पोलीस वेश पालटून परदेशी कामगारांच्या टोळीत शिरतो. टोळी म्हणजे आम्ही. सगळे एकजात बदमाश. सिनेमावाल्यांतला एक जण मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. त्याला म्हटलं, "एखादा तरी सरळ माणूस दाखवा की!"

"है ना," तो म्हणाला. "पुलिसवाला."

*

खूश होता तो एकटा अनंता. माझ्या खोलीतला, देवरुखचा वेल्डर. त्याची सायली नववीत. पोरगी दिवसभर कोरियन मालिका बघते आणि बापाचा फोन आला की "हं" आणि "ठेवू?", एवढंच. अनंता फोन ठेवून भिंतीकडे बघत बसायचा. वाईट वाटायचं हो! पण सिनेमाचं कळल्यावर तिने पहिल्यांदा स्वतःहून फोन केला.

"बाबा, खरंच? तुमचं तोंड दिसणार ना?"

"दिसणार म्हणजे काय, दिसणारच!" मग हळूच माझ्याकडे वळून, "दिसेल ना रे?"

डोंबल सांगणार मी!

*

मग देशांचं वाटप झालं. रत्नागिरीच्या सलीमभाईंना दाढी, म्हणून ते पाकिस्तानी. पेशावरचा क्रेन ऑपरेटर गुळगुळीत, म्हणून तो हिंदुस्थानी. सलीमभाईंनी खिशातून इकामा, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, काढून दाखवला, "बघ मेल्या, काय लिहिलंय ते!"

हिंदीवाला थकून म्हणाला, "कैमरा इकामा नहीं देखता."

कोरियन पोलिसाची वर्दी मिळाली ती नेपाळच्या गुरुंगला. दुपारपर्यंत खुद्द कोरियन लोकच त्याच्याशी कोरियनमध्ये बोलत होते. तो आपला मान हलवत होता बिचारा.

*

धाडीचा सीन. सायरन वाजला की टोळीने जीव घेऊन पळायचं.

सायरन वाजला. आम्ही सगळे शांतपणे चालत असेंब्ली पॉइंटला गेलो आणि रांगेत उभे राहिलो! साइटवर सायरन झाला की हेच करायचं, पळालात तर वॉर्निंग. इतकी वर्षं ड्रिल करून अंगात भिनलंय ते. पुन्हा वाजवला, पुन्हा रांग. अख्खी टोळी हजेरी द्यायला उभी!

डायरेक्टरने टोपी आपटली. "खलास!" तेवढं अरबी त्यालाही येत होतं. पळत नाहीत, तर मारून टाका म्हणाला. आम्हाला एका ओळीत आडवं करून वर चादरी घातल्या.

अनंता चादर सारून उठून बसला. "अरे, मयताचंसुद्धा तोंड शेवटचं घरच्यांना दाखवतात!"

हिंदीवाल्याने चादर पुन्हा त्याच्या डोक्यावरून ओढली. "पहचाननेवाला इधर कोई नहीं."

*

पुढे सिनेमा मोबाइलवर आला. शुक्रवारी जेवणं झाल्यावर मेसमध्ये सगळे बघायला बसलो. आमचा सीन आला. ओळीने चादरी आणि खाली पाय, बस्स.

"यातला मी कुठला रे?" अनंताच विचारू लागला. कोणाला सांगता येईना. सलीमभाईंनी तर माझे पाय त्याचे म्हणून दाखवले.

तेवढ्यात सायलीचा फोन. अनंताने तोंड फिरवलं. "तूच घे. सांग झोपलाय."

मी घेतला.

"काका, बाबांना सांगा, मी ओळखलं त्यांना. भिंतीकडचे ते!"

"कसं गं ओळखलंस?"

"सुट्टीवर आले की असेच तर असतात. डोक्यावरून चादर आणि पाय बाहेर. आई म्हणते, उठवू नको, दमलेत."