घरच्या रुईचा फिल्टर

सन एकोणीसशे त्रेसष्ट. मी एकतीस वर्षांचा होतो. शाळा चौथीतच सुटलेली. बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावात डिझेलवर चालणारी मोटार एकट्या माझ्याकडे होती. बॉडी जुन्या विलायती पेट्रोल गाडीची, इंजिन मागाहून बसवलेलं डिझेलचं. ती चालू झाली की गोठ्यातली जनावरं कान टवकारत.

होळी झाली की पाडव्याच्या आत तिचं सगळं काम मी घरीच उरकत असे. टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी सोडायचं, काळं पडलेलं ऑइल बदलायचं, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस भरायचं, रेडिएटर धुवायचा. मिस्त्रीकडे मी जात नसे. अकोल्याचा एक मिस्त्री माझ्या हातातला पाना पाहून म्हणाला होता की हे वखर हाकणाऱ्याचं काम नाही. तेव्हापासून त्याची पायरी चढलो नव्हतो.

त्या वर्षी वहिनीला पाडव्याला वरूडला माहेरी जायचं होतं. तिचा गुडघा धरलेला, त्यामुळे बस बदलत जाणं जमत नव्हतं. मी म्हटलं, मी नेतो. थोरला भाऊ बाजेवर बसून सुपारी कातरत होता. गाडी त्याला पहिल्यापासूनच खुपायची.

"पाडव्याले निघाली तं ठीक," तो म्हणाला. "नाही निघाली तं इकू, अन् बैलजोडी आणू."

मी हो म्हणून बसलो. घर एकत्र होतं आणि शब्द त्याचा चालायचा.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी डिझेलचा फिल्टर उघडला, तर आतला गाभा फाटलेला. नवा मिळाला असता, पण त्याच मिस्त्रीच्या दुकानात. मी घरात गेलो आणि आमच्याच शेतातली, सरकी काढून आणलेली रुई घेऊन आलो. आमच्याकडे जखमेला कापूस, दिव्याला कापूस, गादीत कापूस. मग डिझेल गाळायला काय वाईट? फिल्टरात ठासून भरली.

गाडी एका झटक्यात चालू झाली. अंगणात दोन फेऱ्या मारल्या, भावाच्या समोरून, मुद्दाम. तिसऱ्या फेरीत गचके देऊन बंद पडली.

डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन चालत नाही. नळीचा नट सैल करून, इंजिनावरचा हातपंप मारून ती काढावी लागते. हे मला झोपेतही जमलं असतं. म्हणून मी हवा काढत बसलो. फिल्टरच्या तोंडाशी डिझेल बुडबुड्यांशिवाय यायचं, आवळून पाहिलं की इंजिन ढिम्म. पुन्हा हवा काढली. भावानं दोनदा येऊन पाहिलं. मी दोन्ही वेळा एकच सांगितलं, हवा हाये.

दुपारी वहिनी चहा घेऊन लंगडत आली.

"भाऊजी, गाडीतली हवा तं निघाली. आता तुमची कवा निघन?"

मी पुन्हा नटाला पाना लावला. तिनं खालच्या घमेल्यातल्या डिझेलमध्ये बोट बुडवलं आणि दुसऱ्या बोटावर चोळलं.

"हे पाहा, तंतू. वात वळूनच घ्या लागते भाऊजी. सैल रुई तेलात सुटते."

मी म्हटलं, वहिनी, हे मशीन आहे, देवापुढचा दिवा नाही. ती हसली आणि कप उचलून आत गेली. ती आत गेल्यावर मी फिल्टरच्या पुढची नळी सोडली. तिथे इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. जाळीवर रुईचा गच्च बोळा बसला होता. माझ्याच शेताचा माल, ओळखू येत होता.

सायकल काढून अकोल्याला गेलो. मिस्त्रीच्या दुकानात उभं राहून फिल्टरचे दोन गाभे मागितले. त्यानं विचारलं, बसवणार कोण? मी म्हटलं, वखर हाकणारा. त्यानं कपाटातून काढून दिले. परत येऊन दिवेलागणीपर्यंत नळ्या धुऊन, सायकलच्या पंपानं फुंकून, नवा गाभा बसवून हवा काढली. एकदाच काढली. इंजिन लागलं. भाऊ ओट्यावरून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुढी उभी झाली. भाऊ नवं धोतर नेसून नेहमीसारखा पुढचं दार उघडायला आला. मी त्याला मागचं दार दाखवलं, वहिनीचा हात धरून तिला पुढे माझ्या शेजारी बसवलं, तिच्या गुडघ्याखाली उरलेल्या रुईची उशी ठेवली आणि गाडी वरूडच्या रस्त्याला लावली.