मांडव भरण्यापुरता धूर

आमचे भावोजी चांगदेव पाटील काही थोर पुरुष नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली भिवंडीच्या टेमघरात त्यांच्याबद्दल जे गोडगोड बोललं जातं ते मला ऐकवत नाही. ज्यांनी त्यांना वेठीला धरलं तीच तोंडं आता ‘चांगदेवशेठ म्हणजे देवमाणूस’ म्हणतात. देवमाणूस कसले! चिकट होते, हट्टी होते, माझ्या बहिणीला, कमळला, साधी साडी घ्यायची तरी तीन दुकानं फिरवायचे. पण एक चांगलं काम त्यांनी केलं, आणि ते काम त्यांच्या हातून कसं हिसकावलं गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बापाची भातशेती गोदामवाल्याला विकून त्यांनी सायझिंग टाकलं होतं. लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावून वाळवतात, नाहीतर ते तुटतं. त्या कामाला वाफ लागते आणि वाफेला बॉयलर. बॉयलरमध्ये काय जाळायचं, तर जे स्वस्त मिळेल ते: चिंध्या, प्लास्टिक, चपलांच्या कारखान्यातून येणारी रबराची कातरण. त्या कातरणीचा धूर ज्याने गिळला नाही त्याला भिवंडी कळलीच नाही. मी आमच्या गावाहून, खारबावहून, यायचो तर गल्लीच्या तोंडाशीच घशात कडू चव यायची. घरातल्या पाण्याच्या हंड्यावर काळी साय धरायची, आणि कमळ ती बोटाने बाजूला सारून आम्हाला पाणी द्यायची. कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. घाणीची सवय झाली की माणूस तिला हवापाणी म्हणतो.

दोन हजार सातच्या सुमाराला मुंबईच्या एका निर्यातवाल्याची माणसं आली. त्यांच्या परदेशी गिऱ्हाइकाला स्वच्छ कारखान्यातलं कापड हवं होतं. जो बॉयलर सुधारेल त्याला कायमचं काम, असं ते म्हणाले. भावोजींच्या तोंडाला पाणी सुटलं. पडघ्याच्या भाताच्या गिरण्यांतला तूस दाबून केलेल्या कांड्या त्यांनी आणवल्या, बॉयलरची जाळी बदलून घेतली. पहिल्या महिन्यात सगळं फिसकटलं. कांड्या दमट निघाल्या, वाफ चढेना, सूत ओलं राहिलं, लूमवाले दारात येऊन शिव्या घालून गेले. भट्टीत जळण टाकणारा फायरमन नवशा म्हणाला की राख ओढून ओढून पाठ मोडली, कातरणच बरी. भावोजी स्वतः लुंगी खोचून त्याच्यासोबत भट्टीपुढे उभे राहिले. निर्यातवाल्यांनी येऊन कांड्यांच्या ढिगापुढे त्यांचा फोटो काढला, हातात हात दिला आणि काम दिलं सुरतेच्या कुणाला तरी. तिथे अजून स्वस्त पडत होतं.

मला वाटलं, आता हा माणूस परत कातरणीवर येणार. पण तोवर त्यांना त्या कामाची गोडी लागली होती. धुराड्यातून नुसती पांढरट वाफेसारखी रेघ निघायची आणि भावोजी ओट्यावर बसून तिच्याकडे बघत राहायचे. नफा कमी झाला, पण लूमवाले टिकले, कारण त्यांच्या सुतावर काजळी बसत नव्हती. लोभाने सुरू केलेली गोष्ट माणसाला कधीकधी सुधारते. माझा त्यावर विश्वास नव्हता, तिथे बसला.

मग धुराची पाहणी करायला सरकारी साहेब आले. गल्लीत एकाला लागून एक सायझिंगं. आधी सगळं आभाळच काळं असायचं, कुठला धूर कुणाचा ते सांगता यायचं नाही. या खेपेला साहेबांनी भावोजींचं धुराडं पाहिलं आणि शेजारच्या प्रितेशला विचारलं, यांना जमतं तर तुम्हाला का जमत नाही? झालं. चांगदेव पाटील त्या दिवशी गल्लीचे वैरी झाले.

प्रितेश तिशीतला पोरगा, बापाचं सायझिंग चालवायचा, सायझिंगवाल्यांचा पुढारी. आवाज कधी चढवायचा नाही. तसली माणसं मला मुळीच सहन होत नाहीत. तो भावोजींच्या ओट्यावर आला, कमळच्या हातचा चहा प्याला आणि म्हणाला, “काका, सगल्या चिमन्या काल्या असल्या ना, का धूर कोनाचाच नसतो. तुमची एक पांढरी झाली, आता आमच्या मोजता येतात.”

भावोजी म्हणाले, “मंग तुमी पन करा पांढरी. कांड्यावाल्याचा नंबर देतो.”

प्रितेश हसला. पूर्वीची हळद कधी आहे, एवढंच विचारून उठला.

पूर्वी म्हणजे माझी भाची, भावोजींची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं. आम्हा आगऱ्यांत हळदीचं महत्त्व परक्याला सांगून कळायचं नाही. लग्नाला माणसं कमी आली तर चालतं, हळदीचा मांडव मात्र भरलाच पाहिजे. अख्खं गाव जेवतं, नाचतं, आणि ज्याचा मांडव रिकामा राहिला त्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या रिकाम्या मांडवावरून निघतं. भावोजींनी घरोघर स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. सगळे म्हणाले, येतो ना, येतो. पण तांदूळ निवडायला शेजारच्या बायका आल्या नाहीत. मांडवाला डहाळे आणायला पोरं आली नाहीत. कमळने एकटीने सुपं पाखडली. टेमघरात दर दुसऱ्या घराचा गाळा कुणा ना कुणा सायझिंगवाल्याने भाड्याने घेतलेला. भाडं बंद व्हायला नको म्हणून लोकांनी हळद बंद केली, एवढा साधा हिशोब.

मी म्हणालो, पोलिसात जाऊ. भावोजी म्हणाले, “काय तक्रार लिवू? मानसं जेवायला आली न्हाय म्हनून?”

हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात आम्ही खारबावची मंडळी होतो, सायझिंगचे कामगार होते आणि लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण गोदूबाय होती. बाकी खुर्च्याच खुर्च्या. मटणाची पातेली चुलीवर, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत झाकून ठेवलेली. वाजंत्रीवाले एकमेकांकडे बघत बसले. दिवस कलला तरी वाटेवर कुणी दिसेना. कमळ दारात उभी होती. ती नुसती नवऱ्याकडे बघत राहिली. मला वाटतं, त्या बघण्यानेच भावोजी मोडले.

तेवढ्यात प्रितेश एकटाच आला, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. म्हणाला, “येतील काका, सगले येतील. घराघरात तयार होऊन बसलेत.” आणि मान वळवून त्याने भावोजींच्या धुराड्याकडे पाहिलं.

हळदीची सुट्टी म्हणून सायझिंग बंद होतं. भावोजी उठले आणि रस्ता ओलांडून आत गेले. मी मागे धावलो. त्यांनी नवशाला बोलावून भट्टी पेटवायला सांगितली. नवशा बावचळला.

“शेट, आज वाफ कशाला?”

“वाफ नको,” भावोजी म्हणाले. “कातरन टाक.”

आमच्याकडे कातरण उरलीच नव्हती. पण प्रितेशच्या फाटकातून दोन गोण्या आधीच निघाल्या होत्या, मागाव्याही लागल्या नाहीत. मी भावोजींचा हात धरला. म्हणालो, रिकामा तर रिकामा, राहू दे मांडव, आपण सगळे मिळून जेवू. त्यांनी हात सोडवून घेतला. म्हणाले, मुलगी तुझी नाही.

काळ्या धुराचा लोट निघाला. मी आजवर किती घाण पाहिली असेल, पण वाफेची गरज नसताना, नुसतं दाखवण्यासाठी जाळलेल्या त्या रबराएवढी कुठलीच नाही. आणि माणसं आली. दिवेलागणीच्या आत मांडव गच्च भरला. घराघरातून नटूनथटून बाहेर पडली, एकदा वर बघायची आणि आत शिरायची. कुणी उशिराचं कारण सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. एक म्हातारा माझ्याशेजारी बसत म्हणाला, “आता कसा हलदीचा मांडव वाटतो!” मला त्याच्या ताटात थुंकावंसं वाटलं. भावोजी दाराशी उभे राहून प्रत्येकाला हात जोडत होते, या, बसा, जेवून जा. हेच लोक त्यांना दिलदार म्हणतात ते त्या दिवसापासून.

पूर्वी पाटावर बसली होती. वरून काजळीचे कण पडत होते, तिच्या खांद्यांवर, मांडीवर, हळदीच्या वाटीत. तिला सगळं कळलं होतं. बापाने कशाच्या बदल्यात माणसं जमवली ते न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती. गोदूबाय धवले म्हणत होती आणि एकेक सवाष्ण पुढे येऊन हळद लावत होती. प्रितेशची बायको करिष्मा आली, वाटीत बोटं बुडवली आणि पूर्वीच्या गालाकडे हात नेला. पूर्वीने तिचं मनगट धरलं.

“वहिनी, आधी हात धुऊन या.”

वाजंत्री थांबली. करिष्माने आपल्या बोटांकडे पाहिलं. प्रितेश खुर्चीतून अर्धा उठला. भावोजी दाराशी जागच्या जागी थिजले. मला वाटलं, आता ही पोर सगळ्यांना उठवून बाहेर घालवणार, आणि खरं सांगतो, माझी छाती फुगली.

कमळ पुढे झाली. तिने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, “लावू दे, बाय. लोक बसलेत.”

पूर्वीने आईकडे पाहिलं, मग मनगट सोडलं आणि गाल पुढे केला. करिष्माने दोन्ही गालांना नीट, चोळून हळद लावली, आणि गोदूबायने पुढचं कडवं धरलं.